त्याच दारात पुन्हा

बाहेरच्या जगानं धाराशिवच्या भूमीची जी फार जुनी नोंद करून ठेवली आहे, ती बहुधा इथे पाऊल न ठेवलेल्या माणसाची आहे. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या पहिल्या शतकातल्या ग्रीक टिपणाचा कर्ता बंदराबंदरानं हिंडणारा व्यापारी असावा. त्याचं नावही आपल्याला ठाऊक नाही. दख्खनमधल्या मोठ्या बाजारपेठा म्हणून त्यानं पैठण आणि तगर ही दोन नावं दिली. तगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर आहे, तिथून भरड कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोचला येते, एवढं लिहून तो पुढच्या बंदराकडे वळला. त्या दहा दिवसांवर आणि त्या एका दिशेवर पुढे विद्वानांनी पुष्कळ खल केला. कुणी तगर म्हणजे देवगिरी म्हटलं, कुणी जुन्नर, कुणी कोल्हापूर. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेरणेकाठचं तेर, असं मांडलं आणि वाद निवळला.

तेरमध्ये मात्र जुनं गाव सतत वर येत होतं. पांढरीच्या मातीत मणी, नाणी, भाजक्या मातीच्या मूर्ती, खापरं सापडत. गावच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी ते जमवायला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं जमवत राहिले. आज तेरचं सरकारी वस्तुसंग्रहालय त्यांच्या नावानं आहे आणि त्यात हजारो वस्तू आहेत. पॉम्पेईत सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी नातं सांगणारी मूर्ती तेरलाही मिळाली. रोमशी असलेल्या व्यापाराबद्दल अभ्यासक आज जे ठामपणे बोलतात, त्यामागे या गावातल्या माणसाची चिकाटी आहे. उत्खननाला आलेली पथकं आपापल्या हंगामापुरती राहिली. लामतुरे तिथेच होते. पावसानंतर शेतात काय उघडं पडलं हे त्यांना कळत होतं, आणि ज्याला सापडलं तो माणूस ती वस्तू घेऊन त्यांच्याकडे येत होता.

लामतुरे लेखक नव्हते. तरी मुक्त लेखकाचं वेगळेपण कशात असतं, हा विचार करताना मला ते दोघे शेजारी शेजारी दिसतात: बंदरावर ऐकून लिहिणारा तो अनाम व्यापारी आणि गावात राहून जमवणारे लामतुरे. पहिल्याचं लिखाण दोन हजार वर्षं टिकलं हे खरं. पण तो काय म्हणतो आहे हे कळायला शेवटी तेरलाच यावं लागलं.

स्पर्धेत उठून दिसण्यासाठी मुक्त लेखकाजवळ काय असावं, या प्रश्नाचं माझं उत्तर थोडक्यात असं आहे: ज्या दारात बसून त्यानं माहिती घेतली, त्या दारात लेख छापून आल्यावर त्याला पुन्हा जाता आलं पाहिजे. बाकीचं सगळं कुणालाही शिकता येतं, उचलता येतं, विकतही घेता येतं.

धाराशिव, कळंब, उमरगा किंवा तुळजापूरला राहून लिहिण्यावर पोट भरू पाहणाऱ्या तरुणाच्या वाट्याला आज कोणतं काम येतं ते आधी पाहू. ठिबक किंवा बियाणं विकणाऱ्या कंपनीसाठी शेतकऱ्याची यशोगाथा. सामाजिक संस्थेचा वार्षिक अहवाल. पुढाऱ्याच्या एकसष्टीचा गौरवग्रंथ. पतसंस्थेची स्मरणिका. निवडणुकीच्या हंगामात पत्रकं आणि भाषणं. कुणाच्या यूट्यूब वाहिनीसाठी संहिता, इंग्रजीवरून भाषांतर, आणि वर्षातून एखाद्या दिवाळी अंकात मनाजोगता एक लेख. यातल्या बहुतेक कामांत त्याची स्पर्धा पुण्यात बसलेल्या त्याच्यासारख्याच शंभर जणांशी असते आणि आता मोबाइलमधल्या यंत्राशीही असते. हे यंत्र मागाल तितके शब्द क्षणात देतं, आणि ते शब्द शुद्धलेखनात बऱ्याच माणसांपेक्षा बरे असतात.

अशा तरुणाला जे सल्ले मिळतात ते साधारण ठरलेले आहेत. स्वतःची शैली घडव. एक विषय धर. दिलेली वेळ पाळ. समाजमाध्यमांवर दिसत राहा. सल्ले वाईट नाहीत, वेळ तर पाळलीच पाहिजे. पण या सगळ्या गोष्टी शेजारचाही करू शकतो. शैलीची नक्कल होते. विषय धरला म्हणावा तर 'दुष्काळ' धरून बसलेले निम्मे मराठी पत्रकार आहेत. ज्या गोष्टीला वर्षं द्यावी लागतात आणि जिची नक्कल करायलाही तितकीच वर्षं लागतात, तीच खरी स्वतःची. या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर ती गोष्ट म्हणजे ओळखी. पुढाऱ्यांच्या ओळखी इथे कामाच्या नाहीत. छावणीवर दोन महिने जनावरं घेऊन राहिलेली बाई, सातबारा वाचून दाखवणारा निवृत्त तलाठी, बोअर घेणाऱ्या गाडीवरचा परराज्यातला कामगार, आडतीवरचा हमाल, अशांच्या ओळखी हव्यात. या माणसांना लेखकानं आधी काय लिहिलं हे माहीत असतं, आणि तरीही ती त्याच्याशी बोलतात. या 'तरीही'त सगळं आलं.

१९९३ च्या भूकंपाचं उदाहरण घेतो, कारण या भागात लिहिणाऱ्या कुणालाही ते टाळता येत नाही. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक झोपले आणि ३० तारखेच्या पहाटे, चार वाजायच्या सुमारास जमीन हलली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. किल्लारीचं नाव जगभर झालं. उस्मानाबाद जिल्ह्याच्या बाजूची सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही गावंही तितकीच गाडली गेली होती. माणसं इतक्या संख्येनं का मेली, याचं कारण भिंतींत होतं. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर कित्येक थरांच्या मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं हे घर त्या पहाटे माणसांच्या अंगावर आलं.

पत्रकार आले आणि त्यांनी जे केलं त्याचं मोल मी कमी करणार नाही. त्यांच्या बातम्यांमुळेच देशभरातून मदत आली. पण पत्रकार परतले तेव्हा या गावांची दुसरी गोष्ट सुरू झाली होती, आणि ती सांगायला वर्षं लागणार होती. जागतिक बँकेच्या कर्जावर राज्य सरकारनं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. बावन्न गावं नव्या जागी वसवायची ठरली. जमिनीच्या मालकीप्रमाणे घरांचे तीन आकार ठरले: अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फूट. भूमिहीनाला सर्वांत लहान, मोठ्या खातेदाराला सर्वांत मोठं. जुन्या गावातली उतरंड चुन्याच्या फक्कीनं नव्या जागेवर आखली गेली. सरळ रुंद रस्त्यांच्या या वसाहतींत गल्ली नव्हती, ओसरी नव्हती, बैल बांधायला जागा नव्हती, शेत लांब पडलं होतं. काँक्रीटच्या छताची भीती बसलेली माणसं पक्क्या घराशेजारी पत्र्याचं शेड घालून त्यात झोपू लागली. दुसरीकडे काही चांगलंही घडत होतं. घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायका पुढे आल्या, त्यांनी सिमेंटचा हिशेब ठेवला, गवंड्याला जाब विचारला. त्यांच्यातूनच बचतगटांचं मोठं जाळं उभं राहिलं. सास्तूरला स्पर्श रुग्णालय झालं.

यातलं काहीही ऑक्टोबर १९९३ मध्ये लिहिता आलं नसतं, कारण ते अजून घडायचं होतं. ते लिहायला कुणीतरी जवळपास राहायला हवं होतं. लातूरला राहून मुक्तपणे लिहिणारे अतुल देऊळगावकर यांचं 'डळमळले भूमंडल' हे पुस्तक म्हणूनच मला महत्त्वाचं वाटतं. पुढे त्यांनी वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांचं चरित्र लिहिलं, पर्यावरणावर लिहिलं, हवामानबदलावर लिहिलं. दगडमातीच्या घरात गाडल्या गेलेल्या माणसांच्या प्रदेशातून स्थानिक साहित्य वापरून सुरक्षित घर बांधणाऱ्या बेकरांपर्यंत जाणं, ही वाट मला स्वाभाविक वाटते. प्रश्न आपल्या अंगणातला होता. उत्तर शोधत लेखक केरळपर्यंत गेला आणि मराठीत परतला. राजधानीत बसलेल्या लेखकालाही बेकर ठाऊक असतात, पण त्याच्या डोळ्यांपुढे सास्तूरची भिंत नसते.

इथे एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. गावचा असणं हीच पात्रता मानायची का? मग बाहेरच्या माणसानं लिहूच नये? मी तसं म्हणत नाही. मराठीतलं या वाटेवरचं सर्वांत मोठं नाव अनिल अवचट यांचं आहे आणि ते जिथे गेले तिथे बहुतेकदा बाहेरचेच होते. शिक्षणानं डॉक्टर, राहायला पुण्यात. बिहारमधल्या पूर्णियावर लिहिलेलं त्यांचं पुस्तक १९६९ साली आलं. पुढे निपाणीच्या तंबाखू-विडी कामगार बायका, हमाल, विणकर, देवाच्या नावानं फसवली जाणारी माणसं, असं ते लिहीत गेले. त्यांची भाषा इतकी साधी आहे की तिची नक्कल सोपी वाटते, आणि नक्कल करणाऱ्यांचे लेख तरीही पोकळ निघतात. अवचट त्या माणसांकडे परत परत जात, त्यांच्याकडे जेवत, राहत. लेख संपला की त्यांचं नातं संपत नसे. त्यांच्या वाक्यांना मिळालेला निवांतपणा या परत जाण्यातून आलेला आहे. तेव्हा जन्म कुठे झाला हा मुद्दाच नाही. परतीचं भाडं कोण भरतो, हा मुद्दा आहे.

अगदी अलीकडचं आणि याच जिल्ह्यातलं उदाहरण म्हणजे पार्थ एम. एन. हे स्वतंत्र पत्रकार. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियासाठी त्यांनी मराठवाड्यातून सातत्यानं लिहिलं. उस्मानाबादच्या जिल्हा बँकेनं छोट्या थकबाकीदारांना पाठवलेल्या अपमानकारक वसुलीपत्रांवर त्यांनी लिहिलं आणि साखर कारखान्यांकडे अडकलेली त्याच बँकेची मोठी रक्कम त्या पत्रांशेजारी ठेवली. हे लिहायला दोन गोष्टी लागतात. कर्जदाराच्या घरात ते पत्र पेटीतून काढून दाखवावं इतका विश्वास, आणि बँकेचे आकडे वाचायची तयारी. नुसती करुणा असेल तर लेख रडका होतो. नुसते आकडे असतील तर तो अहवाल होतो, आणि अहवाल बँकेकडेही असतो.

'पारी'बद्दल आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथल्या मराठी आवृत्तीचं काम मेधा काळे यांनी तुळजापुरात राहून उभं केलं. याचा अर्थ असा की इंग्रजीत लिहिलेली इथल्या शेतकऱ्याची गोष्ट त्या शेतकऱ्याला आपल्या भाषेत वाचता येते, तीही त्याच जिल्ह्यात राहिलेल्या व्यक्तीच्या मराठीतून. आपल्याविषयी काय लिहिलं हे ज्याला वाचता येत नाही, त्याच्याविषयी काहीही लिहिता येतं. एकरी उतारा दुप्पट करता येतो, त्याच्या तोंडी पुस्तकी वाक्यं घालता येतात, त्याला आहे त्यापेक्षा भोळा दाखवता येतो. तो वाचणार आहे हे कळलं की हात आपोआप सावध होतो. मराठीत लिहिणाऱ्या मुक्त लेखकाकडे हा धाक जन्मतःच असतो, आणि त्याला मी अडचण मानत नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्याला जे बळ मुद्दाम कमवावं लागतं ते मराठी लेखकाला फुकट मिळालेलं आहे.

आता या म्हणण्याची दुसरी, कठीण बाजू. जवळ राहणाऱ्याला माहिती मिळते तशी भीतीही मिळते. जिल्ह्यातली पत्रकारिता कशी चालते हे तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे. तालुक्याच्या वार्ताहराला मिळणारं मानधन नाममात्र असतं आणि खरी कमाई जाहिरातींच्या टक्केवारीत असते. वर्धापनदिनाची पुरवणी आली की साखर कारखाना, बाजार समिती, शिक्षणसंस्था, पतसंस्था यांच्या दारात त्यालाच उभं राहावं लागतं. ज्याच्याकडे पानभर जाहिरात मागायची त्याच्या कारखान्यानं उसाचं बिल किती महिने थकवलं हे तो कसं लिहिणार? तो भित्रा असतो असं मी म्हणत नाही. त्याला उभं राहायला दिलेली जागाच तशी आहे. जिल्ह्यात सर्वांत जास्त माहिती त्याच्याकडे असते आणि त्यातली सर्वांत कमी छापून येते, हे मला आपल्या वृत्तपत्रव्यवसायाचं मोठं दुखणं वाटतं.

मुक्त लेखकाचं 'मुक्त' असणं इथे कामाला येतं, किंवा यायला हवं. जाहिरात मागायची नसल्यानं तो थकलेल्या बिलावर लिहू शकतो. पण तोही दुसऱ्या दारानं त्याच अडचणीत सापडतो, कारण पोटापाण्याचं काम देणारे तेच लोक असतात. ज्या चेअरमनचा गौरवग्रंथ तीन महिने बसून लिहिला, त्याच्या कारखान्याबद्दल चौथ्या महिन्यात कसं लिहायचं? मला याचं एकच प्रामाणिक उत्तर दिसतं: पोटाचं काम आणि स्वतःचं काम यांचा मुलूख वेगळा ठेवायचा. ऊस, बँक, पाणी हे आपले विषय असतील तर या क्षेत्रांतल्या कुणाचंही पैशाचं काम घ्यायचं नाही. भाषांतर करावं, पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासावीत, परगावच्या संस्थेचे अहवाल लिहावेत. त्यानं उत्पन्न घटतं, हे मान्य. पण कोणतं काम घेतलं नाही, यावरूनच माणसं लेखकाची पारख करतात. गावात ही बातमी छापावी लागत नाही. अमक्यानं साहेबांचं पुस्तक लिहायला नकार दिला, हे चहाच्या टपरीवर लोकांना आधी कळतं, आणि त्यानंतर लोक ज्या गोष्टी सांगायला लागतात त्या आधी कधीच सांगितलेल्या नसतात.

यशोगाथांबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण ग्रामीण भागातल्या लेखकाचं बरंचसं उत्पन्न त्यांवर चालतं आणि त्यांतच तो सर्वांत सहज हरवतो. शेतीवरच्या लेखनाला मराठीत वाचक आहे. 'ॲग्रोवन'सारखं फक्त शेतीचं दैनिक २००५ पासून चालतं, ही साधी गोष्ट नाही. चांगली यशोगाथा शेजारच्या तालुक्यातल्या शेतकऱ्याला खरोखर उपयोगी पडते. मात्र तिचा एक ठराविक साचा बनला आहे. एकरी एवढं उत्पादन, एवढा भाव, गुणाकार करून एवढे लाख. खर्च वजा केला तर केला. घरच्या बाईनं खुरपणीला दिलेले दिवस कधीच धरले जात नाहीत, बोअरच्या कर्जाचं व्याजही नाही. ज्या वर्षी भाव लागला त्या वर्षी लेख येतो, पुढच्या वर्षी गारपिटीनं बाग झोपली तर लेख येत नाही. वाशी-भूमच्या बाजूचा एखादा तरुण तो लेख वाचून कर्ज काढतो, तेव्हा त्या गुणाकाराची जबाबदारी कुणाची?

यशोगाथा लिहिणाऱ्या लेखकानं तीन वर्षांनी त्याच शेतात जाऊन दुसरा लेख लिहिला, तर तो मराठीतल्या शेतीलेखनात एकटा उठून दिसेल, असं मी खात्रीनं म्हणतो. बाग आहे का? शेडनेट फाटलं का? अनुदानाचा दुसरा हप्ता आला का? पोरगा शेतीत राहिला की पुण्याला चाकणच्या कंपनीत गेला? या लेखाला कोणतीही कंपनी पैसे देणार नाही. पण तो वाचणारा शेतकरी लेखकाचं नाव लक्षात ठेवील, आणि पुढच्या वेळी त्याच नावासाठी अंक उघडील. मुक्त लेखकाचा नावलौकिक हा असा तयार होतो.

यंत्राविषयी बोलल्याशिवाय आज हा विषय पुरा होत नाही. तुळजाभवानीवर लेख मागा, यंत्र देईल: शिवरायांना दिलेली तलवार, नवरात्र, कवड्यांची माळ, संबळ, पोत. नळदुर्गवर मागा: पाणीमहाल, नर-मादी धबधबे. चूक फारशी सापडणार नाही, कारण हे सगळं पुष्कळदा लिहिलं गेलं आहे. खरं सांगायचं तर दर नवरात्रात माणसांनी लिहिलेला लेखही हाच असतो आणि यंत्रानं तो गिळला यात नवल नाही. जे आधी शंभर वेळा लिहून झालं आहे ते पुन्हा लिहिण्यावर ज्यांचा चरितार्थ होता त्यांचं काम जाणार, आणि त्याबद्दल मला वाईट वाटतं, कारण त्यांत गरजू, कष्टाळू माणसं आहेत. पण यंत्राजवळ जे आहे ते कुणीतरी आधी लिहून ठेवलेलंच आहे. धाराशिवबद्दल लिहून ठेवलेलं अजून फार थोडं आहे. भूमकडच्या खवाभट्टीवर पहाटे काय चालतं, साधारण पाच लिटर गाईच्या दुधाचा एक किलो खवा करताना जळणाचा खर्च कुणाच्या अंगावर पडतो, दुधाचा भाव पडला की भट्टीवाला आणि गवळी यांच्यात काय बोलणं होतं, हे तिथे जाऊन बसल्याखेरीज कुणालाच कळणार नाही. उस्मानाबादी शेळीची माहिती पशुसंवर्धनाच्या पुस्तकात आहे: काळा रंग, जुळी करडं, चविष्ट मांस. ती शेळी कोणाच्या नावावर असते, विकायचा निर्णय कोण घेतं आणि पैसे कोणाच्या हातात पडतात, हे त्या पुस्तकात नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात परंडा आणि भूम तालुक्यांत पुराचं पाणी शिरलं, माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली, जमिनी खरवडून गेल्या. हा कायम दुष्काळी म्हणून माहीत असलेला जिल्हा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा साऱ्या देशाचं लक्ष या पट्ट्याच्या कोरडेपणाकडे गेलं होतं. ज्यांच्याजवळ या जिल्ह्याविषयी 'दुष्काळ' हा एकच शब्द होता, त्यांना पुराबद्दल काय लिहावं ते सुचेना. सीना नदी कुठून येते, तिच्यावर कुठे काय अडवलं आहे, पात्रात कुणी काय बांधलं, काळी माती वाहून गेल्यावर खाली उरलेल्या मुरमात किती वर्षं काही येत नाही, हे ज्याला आधीपासून माहीत होतं त्याच्या लेखाला त्या आठवड्यात तोड नव्हती. अशी माहिती पूर आल्यावर गोळा होत नसते. ती कोरड्या वर्षांत, कुणी विचारत नसताना गोळा करून ठेवावी लागते. तेवढ्यासाठी कुणी पैसे देत नाही, आणि इथे मला संपादकांशी बोलायचं आहे.

मराठीत १९०९ मध्ये 'मनोरंजन'नं दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, तेव्हापासून लांबलचक, सावकाश लेखाला आपल्याकडे हक्काची जागा आहे. फार थोड्या भाषांना एवढं भाग्य लाभलं. तरीही आज बहुतेक संपादक लेखकाला जूनमध्ये फोन करतात, ऑगस्टमध्ये लेख मागतात आणि मानधन अंक विकून झाल्यावर बघू म्हणतात. यात फिरतीचा खर्च नसतो. धाराशिवहून परंड्याला जाऊन-येऊन एक दिवस मोडतो आणि पेट्रोल स्वतःच्या खिशातलं. एकदा जाऊन आलेला लेखक दुसऱ्यांदा जात नाही, कारण ते परवडत नाही, आणि मग उरलेली जागा सुंदर वाक्यांनी भरतो. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, संत गोरोबाकाकांच्या नावाच्या नगरीत, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. पर्यावरणासाठी आयुष्यभर लढलेला माणूस इथल्या व्यासपीठावर होता, याचा मला आनंद आहे. पण तीन दिवसांच्या अशा सोहळ्यावर जेवढं खर्च होतं, त्यातल्या एका कोपऱ्यातून दहा तरुण लेखकांची वर्षभराची फिरती निघाली असती. दरवर्षी एका जिल्ह्यात जाणाऱ्या संमेलनानं जाताना तिथे अशी एखादी फिरती-वृत्ती मागे ठेवावी, ही सूचना मी पूर्ण गांभीर्यानं करतो आहे. वृत्ती फक्त दुसऱ्या फेरीसाठी असावी. पहिल्या फेरीला लेखक आपल्या हौसेनं जातो.

तोवर लेखकानं काय करावं, याचं उत्तर त्याच्या आवाक्यातलं आहे. सगळा जिल्हा डोक्यावर घेऊ नये. एक तालुका, त्यातली चार-पाच गावं, एक नदी किंवा एक धंदा. वही दिनांकवार ठेवावी, भाव लिहावेत, पाण्याची खोली लिहावी, कोण काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत लिहावं. सातबारा, पीकपाहणी, ग्रामपंचायतीचा ठराव, बाजार समितीचं आवक-रजिस्टर हे वाचायला शिकावं, आणि माहितीच्या अधिकारात अर्ज कसा करायचा तेही. लेख छापून आला की अंक घेऊन त्या घरी जावं. कुणी रागावलं तर ऐकून घ्यावं, आणि ते रागावणं रास्त असेल तर पुढच्या लेखात दुरुस्ती करावी. काही वर्षांनी अशा लेखकाकडे चार-पाच वह्या होतील आणि त्या वह्यांत जे असेल ते कुठल्याही यंत्रात, कुठल्याही ग्रंथालयात, कुठल्याही मंत्रालयात नसेल. संपादक मग त्याला दर विचारायला फोन करणार नाहीत. तुमच्याकडे यंदा काय आहे, असं विचारायला करतील.

विषय कमी पडणार नाहीत. लोहारा तालुक्यातल्या पुनर्वसित गावांचाच विषय घ्या. भूकंपाच्या वेळी जी मुलं आईच्या कडेवर होती ती आता पस्तिशीच्या आसपास आहेत, त्यांची स्वतःची मुलं शाळेत आहेत. अडीचशे चौरस फुटांचं घर ज्याच्या नावावर झालं तो आजोबा काही ठिकाणी अजून हयात आहे. त्या घराची दोन भावांत वाटणी कशी झाली, लेकीबाळींच्या वाट्याचं काय झालं, भिंतीला भिंत लावून किती खोल्या वाढल्या आणि त्या वाढीव भिंतींत भूकंपाचा विचार कुणी केला का, जुन्या गावठाणाच्या जागेवर आज काय आहे, हे त्या आजोबाच्या तोंडून ऐकायला फार तर आणखी दहा वर्षं मिळतील. हे काम उमरगा-लोहाऱ्यातल्या कुणी तरुण लेखकानं या पावसाळ्यानंतर सुरू करावं, आणि एखाद्या संपादकानं त्याला आजच फोन करून दोन फेऱ्यांचं भाडं पाठवावं.